बाईच्या नावाचं घर

आमचे घरमालक फक्त माझ्याशीच बोलायचे, ही मला खटकलेली पहिली गोष्ट.

डब्लिनजवळच्या नास गावात ते घर बघायला गेलो तेव्हा दारापासून फुटपाथपर्यंत माणसं उभी होती. आयर्लंडमध्ये भाड्याचं घर बघायला जाणं म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो, फक्त पोहे मिळत नाहीत. पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं प्रशस्तिपत्र आणि चेहऱ्यावर ‘आम्ही फार स्वच्छ माणसं आहोत’ असा भाव घेऊन सगळे उभे. आमची निकड मोठी होती. ल्यूकनला एका कुटुंबाच्या घरात आम्ही एक खोली घेऊन राहत होतो. स्वयंपाकघर त्यांचं, फ्रीजमधला एक कप्पा आमचा, आणि लेकीने जिन्यात उडी मारली की खालून टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा व्हायचा. लेकीला नासच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. घर मिळालं नाही तर शाळाही जाणार होती.

नवऱ्याने विचारलं, हीटिंग कसलं आहे? घरमालक पेशाने डॉक्टर, त्यांनी उत्तर मला दिलं. नवऱ्याने विचारलं, खिडक्या डबल ग्लेझ्ड आहेत ना? तेही उत्तर मलाच. मग म्हणाले, “ताई, तुम्हाला आवडलं का घर?” मी हो म्हटलं. “मग झालं,” म्हणाले, आणि बाहेर जाऊन उरलेल्या सगळ्यांना वाटेला लावलं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात कुठे खोट आहे ते शोधायचं, म्हणजे थोडक्यात संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. इतक्या सहज काही मिळालं की माझ्या मनात पाल चुकचुकते. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, “मराठी माणूस आहे अगं, मराठी माणसाला दिलं.”

मी म्हटलं, “मराठी माणसाने मराठी माणसाला इतक्या लवकर काही दिलेलं तू कधी बघितलंयस?”

डॉक्टर मूळचे नागपूरचे. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, केस मानेपर्यंत वाढलेले, बारा महिने अंगात तोच हिरवा रेनकोट. गावातल्याच इस्पितळात नोकरी. घराशेजारच्या गॅरेजच्या त्यांनी दोन खोल्या करून घेतल्या होत्या, तिथे ते एकटे राहायचे आणि अख्खं घर आम्हाला भाड्याने दिलेलं. उजव्या हाताच्या बोटात चांदीत मढवलेला हा एवढा फिरोजा. आपल्या मंडळींनी तो ग्रहाचा खडा ठरवून टाकला होता. गणपतीला सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमले की कुणीतरी त्यांना हमखास विचारायचं, “डॉक्टर, कुठल्या ग्रहासाठी?” डॉक्टर म्हणायचे, “पृथ्वी.” विचारणारा मान डोलवून निघून जायचा.

तो फिरोजा अ‍ॅरिझोनातला होता. तरुणपणी काही वर्षं ते तिथे नवाहो लोकांच्या मुलखात एका लहानशा दवाखान्यात डॉक्टर होते. नवाहोंच्या त्या अफाट मुलखाच्या पोटात होपी लोकांची गावं आहेत, उंच सपाट डोंगरांच्या माथ्यावर, दगडी, एकावर एक रचलेल्या घरांची. एके काळी त्या घरांना खाली दारच नसायचं. शिडीने छपरावर चढायचं आणि छपरातून आत उतरायचं. डॉक्टर हे असं सांगायचे की जणू काल संध्याकाळीच उतरून आलेत. तिथून आयर्लंडला कसे आलात, असं विचारलं की म्हणायचे, “विमानाने.”

फोटो बघायला मागितले तर एकही नाही. “त्या गावांत फोटो काढू देत नाहीत. आणि बरोबर आहे त्यांचं. तुमच्या देवघरात येऊन कुणी फोटो काढले तर चालेल का?” उत्तर बिनतोड होतं. पण पुरावा शून्य, अशी मी मनात नोंद केली.

परसात त्यांनी स्वतःच्या हाताने एक आठ कोनी खोली बांधली होती. ओंडक्यावर ओंडका चढवलेला, वर घुमटासारखं छप्पर, छपरावर माती, मातीवर गवत, मधोमध धुराला भोक. दार बरोबर पूर्वेला. आता आमच्या परसात पूर्वेला शेजाऱ्यांचं कुंपण, त्यामुळे दार आणि कुंपण यांच्यामधून माणसाला आडवं होऊन शिरावं लागायचं. दार घराच्या बाजूला का नाही केलंत, असं मी विचारलं तर म्हणाले, “सूर्य घराच्या बाजूने उगवायला लागला की करू.”

नवाहोंच्या अशा घराला होगान म्हणतात. सकाळी दार उघडलं की पहिली भेट सूर्याची व्हावी म्हणून दार पूर्वेला, आणि आत शिरलं की सूर्याच्या चालीने, डावीकडून फिरत जायचं. डॉक्टर हा नियम इतका पाळायचे की एकदा मी मुद्दाम दाराच्या लगेच उजवीकडे टांगलेलं फावडं मागितलं. हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण हा माणूस डावीकडून निघाला, रंगाचे डबे, जुनी खुर्ची, लॉनमोअर सगळ्याला वळसा घालून फावड्यापाशी आला आणि ते काढून माझ्या हातात दिलं. दम लागला होता.

तरीही त्या खोलीला होगान म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “होगानला गाणं लागतं. बांधून झालं की गाणं म्हणून ते जागं करतात. ते गाणारा माणूस मी नव्हे. ही शेड आहे, शेड.” मला हा विनय जरा जास्तच वाटला. शेड म्हटलं की कौन्सिलची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक होतं.

शिवाय ती गळायची. अ‍ॅरिझोनातल्या उन्हासाठी शोधलेलं मातीचं छप्पर नासच्या पावसात काय टिकणार? डॉक्टर सुट्टीच्या दिवशी मध्ये बादली ठेवून, शेजारी खुर्ची टाकून तासन्‌तास बसायचे. कुंपणापलीकडच्या आयरिश आजी माझ्याकडे बघून भुवई उंचवायच्या. “युअर मॅन इज इन हिज रॉकेट अगेन.” ‘युअर मॅन’ म्हणजे इथे नवरा नव्हे, नुसतं ‘तो बाबा’. लेक शाळेतून आली की खिडकीतून वाकून बघायची. “ममी, व्हाय इज ही सिटिंग इन द रेन इनसाइड?” मी मराठीत सांगायची की असं मोठ्या माणसांबद्दल बोलू नये, आणि तोच प्रश्न मलाही पडलेला असायचा.

आता पूर्वेचं दार आणि डावीकडून फेरी, एवढं बघितल्यावर आपली माणसं गप्प बसतील का? महिन्याभरात डब्लिनपर्यंत बातमी गेली की नासला एक डॉक्टर आहेत, वास्तुशास्त्र जाणतात, पैसे घेत नाहीत. शनिवारी लोक गाड्या घेऊन येऊ लागले. एक गृहस्थ तर बूट-मोजे काढून ओल्या गवतातून हात जोडून शेडला बाहेरून प्रदक्षिणा घालत होते. त्यांची बायको छत्री धरून मागे मागे. डॉक्टर गॅरेजच्या दारात उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. “काय करून राहिले हे?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

ते जोडपं आपल्या नव्या घराचा नकाशा घेऊन आलं होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला नाही, जिना मध्यावर आहे, काही दोष आहे का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी नकाशाकडे बघितलंही नाही.

“एकच विचारतो. घर कुणाच्या नावावर?”

“दोघांच्या,” नवरा म्हणाला.

“पहिलं नाव कुणाचं?”

“माझं. म्हणजे, तसं काही नाही, फॉर्मवर आलं तसं.”

“हाच दोष आहे,” डॉक्टर म्हणाले. “बाकी जिना ग्रँड आहे.”

ती दोघं परत जाताना गाडीत जोरात बोलत होती, हे काचा बंद असूनही कळत होतं. पुढे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डॉक्टर नवरा-बायकोत भांडणं लावतात अशी कुजबुज सुरू झाली आणि शनिवारची गर्दी आटली. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न बसला. ह्या माणसाला दुसऱ्यांच्या घरावर कुणाचं नाव आहे याच्याशी काय करायचंय?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. होपींमध्ये घर बाईचं. आईकडून लेकीकडे जातं. लग्न झालं की जावई बायकोच्या घरी राहायला येतो. पुरुषाने दगड आणायचा, लाकूड आणायचं, आणि भिंतींना माती लिंपायची ती बायकांनी, हाताने. नवाहोंमध्येही नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत नांदतो. हे सांगताना ते माझ्या नवऱ्याकडे असं बघायचे की तो आपोआप खुर्चीत सावरून बसायचा.

एका उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या प्रेसमागे ओल आली. भांड्यांच्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. ते ओढून बघितलं तर मागची भिंत फुगलेली. मी तक्रार केली. डॉक्टर जुना गिलावा खरवडून गेले आणि दोन दिवसांनी मातीच्या गिलाव्याच्या गोण्या घेऊन आले. अंगणात पाणी घालून माती कालवली, बादल्या आत आणून ठेवल्या आणि हात धुतले. “पुरुषाचं काम इथवर. आता तुम्ही.”

“मी?”

“घर तुम्ही वापरता की मी?”

घरमालकाची दुरुस्ती भाडेकरूकडून फुकट करून घ्यायची ही नामी युक्ती आहे, असं मी नवऱ्याला पिठलं ढवळता ढवळता सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घालून भिंतीपाशी उभी राहिले. डॉक्टर दारातून ओरडले, “मोजे काढा ताई! मोज्याने भिंत काय समजेल?” मी रागाने मोजे काढून फेकले आणि हात बादलीत घातला. माती थंडगार होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला शाडूच्या गणपतीपलीकडे माती माहीत नव्हती. दुपारपर्यंत कोपरापर्यंत माखले, आणि संध्याकाळी भिंतीवर माझ्या तळव्यांच्या कमानी उमटलेल्या दिसल्या तेव्हा मला ते घर फार हवंसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. काही हवंसं वाटलं की आपली दोरी समोरच्याच्या हातात जाते, आणि ती डॉक्टरांच्या हातात जावी अशी माझी इच्छा नव्हती.

डॉक्टरांची एक आवडती गोष्ट होती. आमच्याकडे जेवायला आले की ती यायचीच. एक नवाहो मेंढपाळ. चार दिवस मेंढरांमागे भटकून घरी आला तर होगानच्या दाराबाहेर त्याचं खोगीर ठेवलेलं. बायको आत, दार लावलेलं. आरडाओरडा नाही, कोर्टकचेरी नाही. खोगीर बाहेर, म्हणजे काडीमोड. त्याने ते उचललं, घोड्यावर टाकलं आणि आईच्या वस्तीकडे निघून गेला. “संपलं!” म्हणून डॉक्टर टाळी वाजवायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मजा वाटली. पुढच्या खेपेला खोगिराबरोबर पाऊस आला. मी म्हटलं, असेल, वाळवंटातही पडतो कधीतरी. त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, “बाहेर पायरीवर ती निळी सूटकेस, एक चाक तुटलेलं, आणि वरून पाऊस...” मग थांबले आणि पाणी प्यायले. “खोगीर,” म्हणाले.

होगानला पायरी नसते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आणि मेंढपाळ चाकांची सूटकेस घेऊन मेंढरांमागे जात नाही. नवऱ्याला मी रात्री हे म्हटलं तर तो म्हणाला, “म्हातारा माणूस आहे, घोळ होतो.” घोळ होतो तिथेच काहीतरी असतं, हे मला माझ्या धंद्याने शिकवलं आहे. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते प्रेसमागच्या भिंतीत नव्हतं.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की ते निवृत्त होताहेत आणि घर विकणार आहेत. नासमध्ये भाड्याचं दुसरं घर मिळणं म्हणजे पुन्हा ल्यूकनची खोली आणि फ्रीजचा कप्पा. लेकीची शाळा, मैत्रिणी सगळं इथे. पण डॉक्टर पुढे म्हणाले, “पहिला हक्क तुमचा. भाव बाजारात असेल तोच. अट एकच. घर ताईंच्या एकट्या नावावर झालं पाहिजे.”

नवरा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

“सर, आम्ही दोघं मिळून घेऊ ना. नाव दोघांचं लावू. हिचं पहिलं लावू.”

“नाही.”

“मग मी कुठे जाऊ?” नवरा अजून हसतच होता.

“कुठे जायचं म्हणून राहिले? इथेच राहा. यांच्या घरात राहा.”

आमच्या घरात परत आल्यावर नवऱ्याचं हसू संपलं. त्याच वर्षी त्याच्या कंपनीने माणसं कमी केली होती आणि तो सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटांवर काम करत होता. बँकेच्या दृष्टीने तसंही कर्ज माझ्याच पगारावर मिळणार होतं. ते त्याला आधीच लागलं होतं. “याला आपल्या संसारात काय रस आहे?” तो म्हणाला. “आणि तू काहीच का बोलली नाहीस?”

“काय बोलायला हवं होतं?”

“की दोघांचं नाव लावू.”

“तू म्हणालास ना.”

“तू नाही म्हणालीस.”

सॉलिसिटरने सांगितलं की एकाच्या नावावर घेता येईल, नवऱ्याला संमतीची सही करावी लागेल, आणि राहत्या घरावरचे त्याचे हक्क कायद्याने कुठे जात नाहीत. नवऱ्याने ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाला, “कायदा मला कशाला सांगतेस? मला तू सांग.” मी गाडी चालवत होते. मी सांगितलं की घर हवं आहे. ते खरं होतं, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

सही करण्याआधी मला डॉक्टरांचं कोडं सोडवायचं होतं. फुकटात मिळालेल्या गोष्टीपेक्षा अटीवर मिळालेली गोष्ट मला जास्त कळते, पण अट का, हे कळलं पाहिजे. मी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांनी चहा केला, बिस्किटं काढली, पाऊस, घोड्यांच्या शर्यती, नवा फादर असं सगळं झालं, आणि मग मी विचारलं की डॉक्टरांची बायको कधी वारली. एकटे राहतात म्हणजे विधुर, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आजींनी कप खाली ठेवला. “वारली? वारली कुठली! गॉड लव्ह हर, त्याने तिला घराबाहेर काढलं. मीच तिला विमानतळावर सोडलं ना. रात्रभर ती इथे, या खुर्चीत बसून होती. निळी बॅग होती तिची, चाक मोडकं. मीच उचलून गाडीत टाकली. पाठ अजून दुखते माझी.”

मी चहा तसाच ठेवून उठले. इतके दिवस मी ज्याच्या मागावर होते ते सापडलं होतं आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

डॉक्टर शेडमध्ये होते. बादलीत टपटप पाणी पडत होतं. मी आडवी होऊन आत शिरले आणि सरळ विचारलं, “ती सूटकेस कुणाची?”

त्यांनी नाटक केलं नाही.

“बायकोची. तिची भाची शिकायला येणार होती डब्लिनला. हिने मला न विचारता तिला मागची खोली देऊन टाकली. मी म्हटलं, घर माझं आहे, मला विचारायचं. ती म्हणाली, माझं काहीच नाही का यात? मी तिची बॅग भरून पायरीवर ठेवली. दाखवतो म्हटलं घर कुणाचं ते. दार लावून आत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं, ताई. छातीत हवा भरल्यासारखं. वाटलं, आता रडेल, दार वाजवेल, मग उघडू.” त्यांनी पायाने बादली गळतीखाली सरकवली. “तिने वाजवलंच नाही. उघडलं तेव्हा पायरी रिकामी.”

“आणि खोगीर?”

“खोगीर खरं आहे. त्या माणसाला मी स्वतः जाताना बघितलं. तेव्हा हसलो होतो मी.” मग म्हणाले, “तिथे एक म्हातारी यायची दवाखान्यात, साखर तपासायला. तिने नर्सकरवी मला विचारलं, तुझ्या बायकोचं घर कुठे आहे? मी म्हटलं, ती माझ्या घरात राहते. सगळ्या बायका हसल्या. म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, म्हणजे तिला जायला जागा नाही. मी घरी येऊन गंमत म्हणून बायकोला सांगितलं. तिला गंमत वाटली नाही.”

मला त्यांचा राग आला. असा राग की तिथेच बादली लाथाडावी. आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की हा राग धरून मी घराला नाही म्हणणार नाही.

“तुम्ही त्यांना परत बोलावलं नाहीत?”

“बोलावलं. नागपूरला गेलो. म्हटलं, घर तुझ्या नावावर करतो. दारातच म्हणाली, तुझं घर तुला लखलाभ असो.” त्यांनी बोटातली अंगठी फिरवली. “तिने घेतलं नाही. म्हटलं, निदान एका बाईच्या नावावर जाऊ दे.”

मी म्हटलं, “म्हणजे चूक तुमची, कर्ज माझं आणि रुसवा माझ्या नवऱ्याचा.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही नाही म्हणू शकता.”

मी नाही म्हटलं नाही. नवऱ्याने सॉलिसिटरच्या टेबलाशी सही केली, पेनाचं टोपण नीट लावलं आणि पेन परत दिलं. त्या माणसाचं अक्षर इतकं सुबक मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर नावन नावाच्या गावी एका आयरिश विधवा बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहायला गेले. जाण्याआधी शेड त्यांनी स्वतः मोडली, ओंडके पावसाने इतके कुजले होते की हाताने सुटून येत होते. किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या नवऱ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलणं काढलं. म्हणाले, “सांभाळून राहा.” ती धमकी होती, सल्ला होता की कळवळा, मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. ते गेल्यावरही मी गाडी वळेपर्यंत बघत होते, मागे काही विसरले तर नाहीत ना म्हणून.

सामान हलवायचं नव्हतंच. घर तेच, आम्ही तेच. संध्याकाळी नवरा म्हणाला, काहीतरी गोड आणतो, आणि बाहेर पडला. मी लेकीचा अभ्यास घेत होते. पाऊस लागला. थोड्या वेळाने बेल वाजली.

मी दार उघडलं तर तोच. हातात केकचं खोकं, केसांतून पाणी गळतंय. त्याच्याकडे त्याची किल्ली होती. खिशाबाहेर किल्लीचा बिल्ला लटकताना दिसत होता.

“येऊ का आत?” तो म्हणाला, आणि हसला.

मी नीट बघितलं. तो हसत नव्हता.

लगेच ‘ये’ म्हणायचं, एवढंच काम होतं. मागून लेक ओरडली, “ममी, हू इज इट?” दार माझ्या हातात होतं, तो पायरीवर भिजत उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

मग मला माझीच भीती वाटली आणि मी दारातून बाजूला झाले.